मामांचं यंत्र, मामीची फणी आणि मधले 16 महिने

गोव्यात वाळपईहून आत, सत्तरी तालुक्यात माझ्या मामांची काजूची बागायत आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे गेलं की खळ्यात पोचण्याआधीच पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास येतो. उजाडल्यापासून झाडाखालचे बोंडू वेचायचे, डबे भरून खळ्यात ओतायचे आणि मग सगळ्यांनी गोल बसून एकेक बोंडू हातात घेऊन बी पिळून काढायची. बी एका बाजूला, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत. तिथे ते तुडवले की रस, आणि रसाची पुढे हुर्राक आणि फेणी, म्हणजे काजूची दारू. बी पिळण्याचं काम बघणाऱ्याला हलकं वाटतं. पण चार-पाचशे बोंडू झाले की अंगठ्याची कातडी हुळहुळते, आणि टरफलातला चीक लागला तर ती सोलून निघते, काळे डाग पडतात. माझ्या मामीचे हात मी लहानपणापासून तसेच पाहिले आहेत.

मामांनी ह्या कामासाठी एक यंत्र केलं. त्याचं पेटंट मिळवताना काय काय झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. फोंड्याला एका वर्कशॉपचे हिशेब आणि जीएसटीची कामं पाहते. ह्या प्रकरणातली कागदपत्रं मीच सांभाळली, त्यामुळे चुका कुठे झाल्या ते मला महिन्यानिशी माहीत आहे, आणि त्यातली एक मोठी चूक माझी आहे. कुणाचीही नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

यंत्र असं होतं

आजीच्या जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा माळ्यावर पडून होता. पायाने मारायचं पायडल आणि मोठं चाक शाबूत होतं. मामांनी वरची फळी काढून तिथे दोन रूळ आडवे बसवले, एका टोकाला किंचित उतार देऊन. रुळांवर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली. पायडल मारलं की दोन्ही रूळ आतल्या बाजूला फिरतात. वरून बोंडू टाकला की रबर त्याला पकडतं आणि मऊ गर रुळांच्या फटीतून खाली ओढला जातो. फट बीपेक्षा अरुंद असल्याने बी वरच अडते, देठाशी तुटते आणि उतारावरून गडगडत टोकाच्या बालदीत पडते. चेचलेला बोंडू खाली घमेल्यात. तो तसाही तुडवायचाच असतो, त्यामुळे काही वाया जात नाही.

पहिल्याच हंगामात घरातल्या चार माणसांचं काम दोघांवर आलं. सत्तरीत कुणी काही नवं केलं की आजूबाजूची माणसं बघायला येणारच, आणि आलेल्याला चहा देऊन सगळं नीट समजावून सांगायचं ही आमच्याकडची रीत. एप्रिलमध्ये तालुक्यातल्या एका कृषी मेळाव्यात मामांना यंत्र घेऊन बोलावलं. तिथे एका तरुणाने मोबाईलवर सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ काढला. मामा त्यात झाकण उघडून फट किती ठेवायची ते बोटाने दाखवत आहेत, रबर का लावलं ते सांगत आहेत. व्हिडिओ यूट्यूबवर चढला. एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह बातमीही आली. मे महिन्यात मामांनी दोन यंत्रं ओळखीच्या बागायतदारांना करून विकली. घरात सगळे खूश होते, मीही होते. ती बातमी मी कापून ठेवली होती.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात कळलं की दोडामार्गच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याने हुबेहूब तसंच यंत्र विकायला काढलं आहे. रंग मारलेलं, मोटर लावलेलं. मामांना राग आला नाही, वाईट वाटलं. ते मला म्हणाले, "बाय, ह्याचं पेटंट काढायचं काय ते बघ."

माझी चूक

ऑगस्टमध्ये मी कामाला लागले. हिशेबाच्या कामामुळे डिजिटल सही माझ्या हाताखालची होती, म्हणून मामांच्या नावाची काढून घेतली. पेटंटचा अर्ज ऑनलाइन करता येतो. गोवा मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, पण ऑनलाइन अर्जासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. व्यक्तीच्या नावाने अर्ज असेल तर शुल्क 1600 रुपये, मोठी कंपनी असेल तर 8000. मी यंत्राचं वर्णन लिहिलं, मामांच्या वहीतल्या आकृत्या स्कॅन केल्या, तात्पुरतं विनिर्देशपत्र (शोधाचं प्राथमिक वर्णन) म्हणून जोडल्या आणि पैसे भरले. त्याच दिवशी अर्जाचा क्रमांक मिळाला.

तो क्रमांक म्हणजे पेटंट, असं मी धरून चालले. मामांनी तर आठवड्याभरात डिचोलीहून स्टिकर छापून आणले: "पेटंटेड". तीन यंत्रांवर ते चिकटवलेही गेले.

क्रमांक मिळणं म्हणजे फक्त तारीख पकडून ठेवणं. तात्पुरत्या अर्जाची कुणी तपासणी करत नाही. त्यानंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देशपत्र दाखल केलं नाही तर अर्ज सोडून दिला असं कायदा मानतो. आणि मंजूर न झालेल्या वस्तूवर "पेटंटेड" लिहिणं हा पेटंट कायद्याच्या कलम 120 चा भंग आहे. जनविश्वास कायद्यातल्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 10 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हे मला आठ महिन्यांनी कळलं, जेव्हा पूर्ण विनिर्देशपत्र माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे ओळखून आम्ही एका पेटंट एजंट बाईंकडे गेलो. स्टिकर मी त्याच संध्याकाळी तव्यावर गरम केलेल्या उलथन्याने खरवडून काढले.

"कुठे दाखवलंय का?"

एजंट बाईंचा पहिला प्रश्न हाच होता. अर्ज करण्याआधी यंत्र कुठे दाखवलं, छापलं, विकलं आहे का?

मामा म्हणाले, "नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात दाखवणं म्हणजे दुकानात मांडून विकायला ठेवणं. मेळावा म्हणजे गावचाच कार्यक्रम. बाईंनी फोनवर दोन शब्द टाकून शोधलं, आणि मामा स्वतःच पडद्यावर दिसायला लागले, बोटाने फट दाखवत. खाली तारीख होती. एप्रिल. आमचा अर्ज त्यानंतरच्या वर्षीच्या ऑगस्टचा. मध्ये 16 महिने.

इथे पेटंट म्हणजे मुळात काय ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात कुणालाच ते नीट ठाऊक नव्हतं. पेटंट हे हुशारीचं बक्षीस नाही. तो सरकारशी केलेला एक सौदा आहे. तुम्ही तुमची नवी युक्ती पूर्णपणे उघड करायची, इतकी की त्या धंद्यातला जाणकार ती वाचून वस्तू करू शकेल. बदल्यात सरकार तुम्हाला 20 वर्षं हक्क देतं की तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ती वस्तू बनवू नये, वापरू नये, विकू नये. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची. पण जी गोष्ट लोकांना आधीच माहीत आहे ती उघड करून तुम्ही समाजाला नवीन काय दिलं? म्हणून पहिली अट नावीन्याची. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही प्रसिद्ध झालेली किंवा भारतात जाहीरपणे वापरलेली नको. प्रसिद्ध करणारे तुम्ही स्वतः असलात तरी नको.

मामांना हे पटेना. "माझंच यंत्र माझ्या आड कसं येईल?"

कायद्यात थोड्या सवलती आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली, किंवा एखाद्या विद्वत्सभेत निबंध वाचला, तर त्यानंतर 12 महिन्यांत अर्ज करता येतो. चाचणीसाठी लोकांसमोर वापरावीच लागते अशी वस्तू असेल तर तिलाही एक वर्षाची मर्यादित सूट आहे. तुमच्या संमतीशिवाय कुणी माहिती फोडली आणि तुम्ही लगेच हालचाल केली, तर तुमचा हक्क जात नाही. आमचा मेळावा अधिसूचित नव्हता. व्हिडिओला मामांची संमती होती, ते तर हसत हसत समजावत होते. आणि 12 महिने कधीच उलटून गेले होते. एकही दार उघडं नव्हतं.

अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या वाच्यतेला सरसकट एक वर्षाची सवलत मिळते. आपल्याकडे तशी नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. कंपनीच्या प्रयोगशाळेत दाराला कुलूप असतं, कामावर येणाऱ्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतात. गावातला माणूस खळ्यात काम करतो. त्याचं यंत्र चालतं की नाही हे शेजाऱ्यांच्या बोंडूंवरच ठरतं. त्याच्यासाठी दाखवणं हा शोधाचाच भाग आहे. राजपत्रातल्या प्रदर्शनाला सवलत आणि तालुक्याच्या मेळाव्याला नाही, ह्या फरकाला मला तरी कारण दिसत नाही.

तरी नावीन्याची अट मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि गोव्याच्या माणसाने तर मुळीच म्हणू नये. 1995 मध्ये अमेरिकेने हळदीने जखम भरून येण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिलं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आमच्या फोंड्याजवळच्या माशेलात जन्मलेले. आपल्या बाजूने 32 संदर्भ दिले गेले, जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंध त्यात होता. हे आधीच माहीत होतं एवढंच सिद्ध करायचं होतं. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. ज्या नियमाने आजीच्या डब्यातली हळद सुटली, त्याच नियमात मामांचा व्हिडिओ अडकला. हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग नियम बरोबर आहे. चुकलं आमचं."

फणी कुठून आली

एजंट बाई चिवट होत्या. त्या म्हणाल्या, जे दाखवलं ते गेलं असं समजा. जे अजून कुणी पाहिलेलं नाही ते सांगा.

पहिल्या यंत्रात एक दोष होता. फट कायमची ठरलेली. हंगामाच्या शेवटी झाडाला बोंडू लहान येतात, बीही बारकी. ती बी अडायच्या ऐवजी फटीत ओढली जायची आणि चिरडायची. टरफलातलं तेल रसात उतरायचं. असा रस भट्टीला चालत नाही, आणि फुटलेल्या बीला भाव येत नाही. मामा स्प्रिंग लावून बघत होते, म्हणजे बी अडकली की एक रूळ जरा मागे सरेल. पण मागे सरला की फट मोठी, आणि बी आणखीच आत.

तोडगा मामीने काढला. ती रुळांशी बसून बघत होती. केसातली लाकडी फणी काढून तिने फटीच्या अगदी वर धरली, दाते खाली करून. दात्यांमधून गर खाली जात होता आणि बी दात्यांवरून उतारावर सरकत होती. "दाबायच्या आधी तिला उचलायची. मग तुमची स्प्रिंग पाहिजे तेवढी मागे जाऊ दे." मामांनी दुसऱ्या दिवशी पत्र्याची फणी कापली. स्प्रिंग आणि फणी दोन्ही एकत्र बसवल्यावर बारकी बीसुद्धा अख्खी बाहेर यायला लागली.

हे तिसऱ्या हंगामातलं, एजंट बाईंना भेटल्यानंतरचं. म्हणून ह्या वेळी यंत्र मागच्या खोपीत होतं, आणि कुणी आलं की मामी त्यावर गोणपाट टाकायची. तिला ते फार जड गेलं. शेजारीण विचारायची, आत काय चाललंय, आणि मामी विषय बदलायची. "ज्यांच्याकडे मीठ मागायला जाते, त्यांच्यापासून लपवायचं?" असं ती मला दोनदा म्हणाली. संशोधकापुढच्या अडचणी म्हणून शुल्क, मुदती, वकील ह्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. गोणपाटाबद्दल कुणी लिहीत नाही.

फणी मामीची, म्हणजे संशोधक म्हणून तिचं नाव लागायलाच हवं. मी ऑगस्टमध्ये फक्त मामांचं घातलं होतं. पूर्ण विनिर्देशपत्राबरोबर फॉर्म 5 भरतात, त्यात संशोधक कोण ते जाहीर करायचं असतं आणि नंतर भर घालणाऱ्याचं नाव जोडण्याची सोय त्यात आहे. मामांनी लेखी कराराने अर्जातला अर्धा वाटाही मामीला दिला, त्यामुळे ती अर्जदार झाली. ह्याचा एक व्यावहारिक फायदा मला तोवर माहीत नव्हता. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर परीक्षण लवकर करून मागता येतं. त्याचं शुल्क 8000 रुपये, साध्या परीक्षणाचं 4000. अर्ज एरवी 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. 2500 रुपये भरले की लवकर होतो, आणि लवकर परीक्षण हवं तर तेही करावंच लागतं. अर्ज, लवकर प्रसिद्धी आणि लवकर परीक्षण मिळून सरकारी शुल्क 12,100 रुपये झालं. एजंटची फी त्याच्या तिपटीहून जास्त.

एका शब्दाची किंमत

पेटंटचा अर्ज मराठीत करता येत नाही, कोकणीतही नाही. हिंदी किंवा इंग्रजी. मामा बोलणार रूळ, फट, फणी, दाते. ते आधी मी समजून घ्यायचं, मग एजंट बाईंनी इंग्रजीत उतरवायचं, मग मी परत मराठीत मामांना वाचून दाखवायचं. ह्यात तीन आठवडे गेले, आणि ते अजिबात वाया गेले नाहीत.

विनिर्देशपत्रात वर्णन असतं, आकृत्या असतात, आणि शेवटी दावे असतात. वर्णन कितीही सुंदर असलं तरी हक्क मिळतो तो दाव्यांपुरता. दावा म्हणजे जमिनीची मोजणी. कुंपण कुठे आहे ते तिथे ठरतं. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: स्प्रिंगने ताणलेला रूळ. मामांनी ऐकलं आणि विचारलं, "आणि कुणी स्प्रिंगच्या जागी दोरीला दगड बांधून लोंबकळवला तर?" एजंट बाईंनी पेन खाली ठेवलं. दाव्यात स्प्रिंग हा शब्द असता तर दगडवाला कुंपणाबाहेर राहिला असता, कारण दाव्यात सांगितलेली प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या यंत्रात असावी लागते. शेवटी लिहिलं गेलं ते असं: रुळाला आत ओढून धरणारी ताणयंत्रणा, मग ती स्प्रिंग असो, लोंबतं वजन असो की रबराची पट्टी. शाळा सातवीत सोडलेल्या माणसाने तो दावा रुंद केला. म्हणून सांगते, एजंटने तयार केलेला मसुदा डोळे झाकून सही करून देऊ नका. आपल्या भाषेत उलगडून घ्या आणि "मी चोर असतो तर कसा निसटलो असतो" हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा.

पूर्ण विनिर्देशपत्र जुलैमध्ये गेलं, 12 महिने भरायला तीन आठवडे असताना. फणीला आणि ताणाला जुलैची तारीख मिळाली, कारण ऑगस्टच्या कागदात त्या नव्हत्या. मधल्या काळात त्या कुणी पाहिल्या नव्हत्या हे गोणपाटामुळे.

परीक्षकाचं पत्र

डिसेंबरमध्ये पहिला परीक्षण अहवाल आला. ह्याला सगळे एफईआर म्हणतात. उत्तराला सहा महिने मिळतात. त्यात दोन हरकती मोठ्या होत्या. एक, मामांचा व्हिडिओ, दुव्यासकट, तारखेसकट. दुसरी आमच्यासाठी अनपेक्षित होती: काजूसाठीच दोन रुळांची रचना सांगणारा एक जुना प्रसिद्ध झालेला अर्ज. म्हणजे मेळाव्याला गेलो नसतो तरी रुळांचा मुख्य दावा टिकला असता की नाही कोण जाणे. असे जुने अर्ज पेटंट कार्यालयाच्या इनपास ह्या शोधयंत्रावर फुकट बघता येतात, गूगल पेटंट्सवरही. एक दुपार बसून शोधलं असतं तर ऑगस्टमध्येच सापडला असता. मी शोधलं नव्हतं.

शिवाय कलम 3 चा मुद्दा होता. माहीत असलेल्या साधनांची नुसती वेगळी मांडणी हा शोध होत नाही. स्प्रिंग जुनी, फणी जुनी, रूळ जुने, मग नवीन काय? उत्तरात आम्ही सांगितलं की स्प्रिंग एकटी लावली तर बी जास्त फुटते, फणी एकटी लावली तर मोठे बोंडू अडकतात, आणि दोन्ही एकत्र केल्यावर असं काही घडतं जे एकट्याने घडत नाही. मामीने तीन वेगवेगळ्या जोडण्यांवर प्रत्येकी शंभर बोंडू चालवून फुटलेल्या बिया मोजल्या होत्या, वहीत पेन्सिलीने. त्या पानांचा तक्ता उत्तरासोबत गेला. सुनावणी व्हिडिओवर झाली, खोपीत बसून. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, दात्यांमधलं अंतर कसं ठरवलं? मामी म्हणाली, "सगळ्यात बारकी बी घेतली आणि तिच्याहून कमी ठेवलं." एजंट बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं.

रुळांचा दावा आम्ही सोडून दिला. ताणयंत्रणा आणि फणी ह्यांच्या जोडीचा दावा राहिला. पहिल्या अर्जानंतर दोन वर्षं दोन महिन्यांनी पेटंट मंजूर झालं, दोघांच्या नावाने.

मंजुरीनंतर

20 वर्षं मंजुरीपासून मोजत नाहीत, अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे आमची दोन वर्षं तिथेच गेली होती. आणि पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरावं लागतं. व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला 800 रुपये, दहाव्यापर्यंत 2400, पंधराव्यापर्यंत 4800, पुढे 8000. पूर्ण मुदतीचे 76,800 रुपये होतात. एक हप्ता भरलाच नाही तर पेटंट संपतं. 18 महिन्यांत ते परत जिवंत करायचा अर्ज करता येतो, पण त्यालाही खर्च आणि कारणं लागतात. त्याखेरीज शोध प्रत्यक्षात वापरात आहे की नाही ह्याचं निवेदन फॉर्म 27 वर द्यायचं. पूर्वी ते दरवर्षी होतं, 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर तीन वर्षांतून एकदा.

गावात दोन गैरसमज अजून आहेत. पहिला असा की फेणीसारखंच हे गोव्याचं झालं. फेणीला 2009 मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते एका प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं आणि नूतनीकरण करत राहिलं तर टिकतं. पेटंट माणसाचं असतं आणि संपतं. दुसरा असा की आता पोलीस जाऊन दोडामार्गचं दुकान बंद करतील. पेटंटभंगाचा दावा दिवाणी आहे, आपणच जिल्हा न्यायालयात लावायचा. समोरच्याने "हे पेटंटच रद्द करा" असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आमच्यासाठी पर्वरीला. आणि कार्यालयाने तपासून मंजूर केलं म्हणजे पेटंट वैध असल्याची सरकारने हमी दिली असं कायदा म्हणत नाही. वकिलाची एका तारखेची फी मामांच्या एका यंत्राच्या नफ्यापेक्षा जास्त आहे.

दोडामार्गवाल्याविरुद्ध तर दावा उभाच राहत नव्हता. तो विकत होता ते पहिलं यंत्र, ठरलेल्या फटीचं, व्हिडिओतलं. ते आता कुणीही बनवू शकतं. मामांनी हे एकदा विचारून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला मात्र अजून त्रास होतो, कारण त्या यंत्राची पहिली चकती मामांनी रात्री बॅटरीच्या उजेडात कानशीने घासलेली मी पाहिली आहे.

मग ह्या मार्चमध्ये तो माणूस स्वतः वाळपईला आला. त्याच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या की हंगामाच्या शेवटी बी फुटते, रसाला तेलाचा वास येतो. फणीबद्दल त्याने पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर वाचलं होतं. सगळं उघड करण्याची जी अट आहे तिचा हा अर्थ: त्याला युक्ती कळली, आणि ती न विचारता वापरता येत नाही हेही कळलं. त्याने चहा घेतला, खोपीत जाऊन यंत्र बघितलं. ह्या वेळी गोणपाट नव्हतं.

दर यंत्रामागे किती द्यायचे ते तासाभरात ठरलं. मामा म्हणाले, शब्द दिला, झालं. मी अडून बसले. पेटंटचा परवाना लेखी असल्याशिवाय वैध होत नाही आणि कार्यालयाच्या नोंदवहीत चढवावा लागतो. मसुदा एजंट बाईंनी केला आहे. तो अडला आहे एकाच कलमावर: त्याने किती यंत्रं विकली ते आम्ही मोजायचं कसं? त्याच्या बिलांवर भरवसा ठेवायचा की नाही ह्यावर मामा आणि मी दोन दिवस वाद घातला.

मामी म्हणाली, फण्या इथेच कापायच्या. यंत्र त्याचं, फणी आमची. प्रत्येक फणीवर आकडा मारायचा. जितक्या फण्या गेल्या तितकी यंत्रं. एजंट बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या असं कलम घालता येईल, उद्या पाठवते. मामा तोवर वाळपईच्या बाजारातून आकड्यांचे पंच घेऊन आले होते. खोपीत आता 1 ते 10 आकडे मारलेल्या दहा फण्या खिळ्याला टांगलेल्या आहेत.